पमाच्या तोंडी घातलेले शब्द

पमा गेल्याचं मला बॅनरवरून कळलं. म्हणजे चौकात बांबूवर ताणलेल्या बॅनरवरून नाही, फोनवर आलेल्या बॅनरच्या चित्रावरून. सकाळी गॅसवर चहा ठेवून मी फोन उघडला, तर आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकलेलं. काळी पार्श्वभूमी, दोन बाजूंना दोन समया, मधे पमाचा फोटो आणि खाली उजव्या कोपऱ्यात पांढरा शर्ट घालून हात जोडलेला तिचा पुतण्या दिनेश. दिनेशचा फोटो पमाच्या फोटोपेक्षा मोठा होता, त्यामुळे मी आधी त्यालाच पाहिलं. देवाशपथ सांगते, पहिला विचार मनात आला तो असा की, अरे, हा गेला की काय... मग मधलं नाव वाचलं. प्रा. प्रमिला जगन्नाथ म्हात्रे. त्याखाली 'विज्ञानसूर्य मावळला'. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि उभ्या उभ्याच कोपरला तिच्या घरी फोन लावला. तिच्या नवऱ्याने, जगन्नाथभावोजींनी उचलला. म्हणाले, "नंदाताई, तुना कलवायचा राहिला गो." एवढंच.

पुरवण्यांमधल्या अशा लेखांत गेलेला माणूस नेहमी हसतमुख असतो, सगळ्यांना हवाहवासा असतो आणि त्याच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी वगैरे निर्माण झालेली असते. पमा हसतमुख नव्हती. चांगली खडूस होती. चुकीचं बोलणाऱ्याला भर लग्नात टोकायची, मग तो नवऱ्यामुलाचा मामा का असेना. आणि पोकळीचं म्हणाल, तर ती भरून काढायला तिच्या घरच्यांनी महिन्या-दीड महिन्यात एक मशीन आणून उभं केलं. ते झालं नसतं तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते. घरात एकटीच रडून मोकळी झाले असते.

आमची ओळख कल्याणच्या कॉलेजातली. मी ठाण्याहून जायची, मराठी शिकवायची. ती कोपरहून यायची, फिजिक्स शिकवायची. स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी. म्हात्रे म्हणजे इथलेच, मूळचे. तिचे वडील मिठागरावर कामाला होते, सासरची भातशेती होती, ती पुढे बिल्डिंगांखाली गेली. वर्गात ती पुस्तकी मराठी नीट बोलायची, पण चिडली किंवा एखादी गोष्ट मनापासून आवडली की घरची बोली आपोआप बाहेर पडायची. एकदा एक ज्येष्ठ सर चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, निदान विद्यार्थ्यांसमोर तरी शुद्ध बोलत जा." पमाने कप खाली ठेवला. "सर, मी शुद्ध बोलले काय नि अशुद्ध बोलले काय, इलेक्ट्रॉनला काय फरक पडत नाय." मी मराठीची बाई, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले. सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका. त्या दिवसापासून आमचा डबा एकत्र. तिच्या डब्यातली बोंबलाची चटणी मी किती वर्षं खाल्ली आणि माझ्या घावन-चटणीला तिने किती वर्षं नाकं मुरडली, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय!

तिची शिकवण्याची एक पद्धत होती आणि तिच्या सगळ्या भांडणांचं मूळही त्या पद्धतीतच होतं. ती दाखला द्यायची आणि मग स्वतःच तो मोडायची. मला क्वांटम म्हणजे काय ते कळावं म्हणून एकदा तिने स्टाफरूमच्या टेबलावर रुपयाचं नाणं गरगर फिरवलं. "हे बघ नंदे, छापा की काटा? आत्ता दोन्ही. क्वांटमचा कण असाच असतो, असं सगळे सांगतात." मी खूश. कळलं म्हटलं. तर लगेच तिने नाण्यावर थाड्कन हात मारला. "आणि आता हे खोटं कुठे आहे ते ऐक. नाणं फिरताना प्रत्येक क्षणी कुठल्या तरी एका बाजूला वळलेलं असतंच, आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढंच. कणाचं तसं नाही." मग मिठागरातलं साचलेलं पाणी आलं. दोन दगड टाकले, दोन तरंग उठले. काही ठिकाणी दोन्ही मिळून पाणी वर उसळतं, काही ठिकाणी एकमेकांना जिरवतात आणि पाणी निवांत राहतं. "क्वांटम संगणक चुकीची उत्तरं अशी एकमेकांत जिरवायला बघतो आणि बरोबर उत्तर वर आणायला बघतो." वा, म्हटलं, हे झकास! "झकास काय? तिथं पाणी असतं. इथं पाणीच नाही, नुसता तरंग." मी वैतागले. "अगं बाई, मग मला कळलं तरी काय?" तर म्हणाली, "तुला कुठपर्यंत कळलंय, ते कळलं. ते काय कमी हाय?"

निवृत्त झाल्यावर तिने घरी रविवारचा वर्ग सुरू केला. घर म्हणजे सासरच्या जमिनीवर उभी राहिलेली बिल्डिंग; तिच्या खालच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, भिंतीला फळा टेकवायचा आणि कुणीही यायचं. आसपासच्या गृहिणी, निवृत्त मंडळी, बारावीची दोन-चार पोरं, एक रिक्षावाले काका. सुरुवातीला सहा-सात डोकी. वर्तमानपत्रात विज्ञानाची जी बातमी आली असेल ती वाचायची आणि तिच्यात काय खरं, काय फुगवलेलं, ते एकत्र बसून शोधायचं, असा तो वर्ग. भावोजी शेजाऱ्यांच्या गाड्या हलवून द्यायचे, खुर्च्या पुसायचे, ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि मग पंपाच्या खोलीपाशी शेवटच्या खुर्चीत बसायचे. त्यांचं शिक्षण बेताचं. मी एकदा विचारलं, भावोजी, हे सगळं कळतं का हो? म्हणाले, "कलत नाय. पन ती बोलते ते आयकाला बरा वाटते." मूलबाळ नव्हतं त्यांना. एका माणसाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, यावर त्या घराचा कारभार चालायचा.

मग ती लाट आली. जो तो एआय म्हणायला लागला, जो तो क्वांटम म्हणायला लागला. केसाच्या तेलापासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे तेच दोन शब्द. पार्किंगमधल्या खुर्च्या पुरेनात; माणसं गेटपर्यंत उभी राहायला लागली. मला वाटलं, चला, पमाचे दिवस आले. पण लोकांना दाखले नको होते, भविष्य हवं होतं. एआयमुळे माझ्या मुलाची नोकरी जाईल का? क्वांटमच्या कंपनीत पैसे टाकू का? मुलीला कुठला कोर्स लावू? पमा समोरच्याकडे सरळ बघून सांगायची, "मना ठाव नाय." फळ्यापाशी उभं राहून, खणखणीत. आधी लोक हसायचे, त्यांना वाटायचं बाई गंमत करते. मग हिरमुसायचे. एक गृहस्थ माझ्यादेखत बायकोला म्हणाले, "ह्यांनाच माहीत नाही, तर मग आपण आलेलो कशाला?" पुढच्या रविवारी ते आले नाहीत. एका बाईंनी मात्र चांगलं विचारलं. म्हणाल्या, "मॅडम, ते एआय खरं बोलतं का हो?" पमा म्हणाली, "ते खरंही बोलत नाही नि खोटंही बोलत नाही. पुढे कुठला शब्द शोभेल ते बघून बोलतं. बरेचदा शोभणारा शब्द खरा निघतो. नाही निघत तेव्हाही तो तेवढाच शोभून दिसतो." मला ते वाक्य फार आवडलं होतं. आज ते आठवलं की अंगावर येतं.

आता दिनेश. दिनेश हा भावोजींच्या थोरल्या भावाचा मुलगा. शाळेत असताना त्याचा अर्धा मुक्काम काकीकडेच. ते पोर वाईट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. स्मशानात सगळ्यात जास्त तो रडला, असं भावोजींनीच सांगितलं, आणि ते रडणं बॅनरसाठी नव्हतं. पण त्याला निवडणुकीचे वेध लागलेले. दहीहंडी झाली, नवरात्र झालं, आरोग्य शिबिरं झाली. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या घरात एक क्वांटमवाली काकी आहे. डोंबिवलीत एक मोठा हॉल घेऊन त्याने भव्य विज्ञान महोत्सव भरवला. हॉल खचाखच. पमाने नवी साडी नेसली होती. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं तिच्यासमोर बसली होती. तिने नाणं फिरवलं, कॅमेऱ्यातून मागच्या पडद्यावर ते केवढं तरी मोठं दिसलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. ती म्हणाली, "थांबा, टाळ्या नका वाजवू, आता हे खोटं कुठे आहे ते सांगते..." आणि नेमका तिथे निवेदक पुढे आला. वेळेअभावी मॅडमना इथेच थांबावं लागतंय, मान्यवरांचं आगमन झालेलं आहे. माइक गेला. एवढ्या सगळ्या लोकांना तिने खोटा दाखला देऊन घरी पाठवलं, हे तिच्या जिवाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दिनेश पेढे घेऊन आला. मी तिथेच होते. म्हणाला, "काकी, काय हवा झाली माहितीय? पण एक सांगू, ते माहीत नाही, माहीत नाही नका बोलू ना. लोकांना आशा द्यायची असते." पमा म्हणाली, "आशा द्यायला तू हायस ना रं. मी फिजिक्स देते." तो हसला, तीही हसली, पेढाही खाल्ला. पण त्यानंतर रविवारचा वर्ग परत सहा-सात डोक्यांवर आला आणि त्याचं तिला उलट बरं वाटत होतं, असा माझा समज आहे.

मग पोटाचं दुखणं निघालं. कल्याणच्या हॉस्पिटलात तिला ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. संध्याकाळ होती, भावोजी पायाशी बसलेले, मी मोसंबी सोलत होते, आणि दिनेश आला तो लॅपटॉप घेऊनच. त्याच्या ओळखीची कुणी पोरं होती, ती माणसाचा आवाज आणि चेहरा घेऊन हुबेहूब बोलता माणूस बनवतात म्हणे. काकीच्या वर्गाची रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतीच. "काकी, तू कायमची राहशील. पुढची पिढी तुला प्रश्न विचारेल, तू उत्तर देशील. आपल्या गावातली पहिली एआय प्रोफेसर!" पमा उशीला टेकून बसली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "दिन्या, मी जे बोलले ते लोकांना दाखव. किती पन दाखव. पन मी बोलले नाय ते माझे तोंडी घालू नको. मी जित्ती नसेन, मना खोडता येनार नाय." दिनेश म्हणाला, "बरं काकी." भावोजींनी मान हलवली. मी मोसंब्याची फोड तिच्या हातात दिली, ती तिने तशीच ताटलीत ठेवली. हे तिच्याशी झालेलं माझं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर मी भेटले तेव्हा ती औषधांच्या गुंगीत असायची.

उत्तरकार्य आटोपल्यावर मी अधूनमधून कोपरला जात राहिले. घर भयाण झालं होतं. भावोजी टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. एक दिवस गेले, तर टीव्हीचा आवाज जिन्यातून ऐकू आला आणि माझा पाय पायरीवरच थांबला... पमाचा आवाज. तोच, थोडासा घोगरा, शेवटच्या अक्षरावर जोर देणारा. आत दिनेश बसलेला, भावोजी पडद्यासमोर खुर्ची अगदी जवळ ओढून बसलेले. पडद्यावर पमा. त्या महोत्सवातली साडी. डोळ्यांची उघडझाप करत होती. म्हणत होती, "नमस्कार. लवकरच घराघरांत क्वांटम संगणक असेल, प्रत्येक आजारावर इलाज असेल आणि आपलं शहर यात आघाडीवर असेल. विज्ञान महोत्सव भरवल्याबद्दल मी दिनेशजींची मनःपूर्वक आभारी आहे." दिनेशजी! जन्मभर ज्याला दिन्या म्हणाली, त्याला दिनेशजी! आणि भाषा कशी, तर घासून-पुसून लख्ख. तिच्या तोंडचा एक 'नाय' त्यात शिल्लक नव्हता. स्टाफरूममधल्या त्या सरांना जे जमलं नव्हतं, ते पोरांनी बटण दाबून करून दाखवलं.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिनेशला म्हटलं, तुला तिने हॉस्पिटलात काय सांगितलं होतं? तो म्हणाला, "मावशी, मला पण सगळं आठवतंय. पण बघा ना काकांकडे. किती दिवसांनी त्यांचा चेहरा फुललाय. आणि मी काय वाईट बोलायला लावलंय तिला? चांगलंच बोलतेय ना?" ठाण्याला टेंभी नाक्याच्या बाजूला एका मैदानात मोठा मेळावा ठरला होता, मोठे नेते यायचे होते. तिथे 'विचारा म्हात्रे मॅडमना' असा स्टॉल लागणार होता. लोकांनी माइकवर प्रश्न विचारायचा आणि पडद्यावरच्या पमाने उत्तर द्यायचं. "काका 'नको' बोलले तर मी नाही करणार," दिनेश म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, हे मला दिसत होतं. म्हणजे सगळं येऊन थांबलं ते भावोजींवर.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, भावोजी, तुम्ही तिथेच होता. तुम्ही मान हलवली होतीत. तिला या एका गोष्टीची भीती होती, दुसरी कसलीच नव्हती, मरणाचीसुद्धा नव्हती. एक 'नाही' म्हणा, बास. भावोजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "नंदाताई, ती पमा नाय, यवरा मनापन कलते. मी काय येडा नाय. पन तुझे घरात तुझा पोरगा हाय, सून हाय, भांडायला कोन ना कोन हाय. मना ह्या घरात आवाज नाय." मी म्हटलं, "तिच्या खऱ्या वर्गाची रेकॉर्डिंग लावा ना! दिवसभर लावा." ते म्हणाले, "त्यात ती लोकांशी बोलते. हिला विचारला का ही मना जबाब देल." मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. दिनेशला त्यांनी हो सांगितलं. मी तशीच उठून निघाले आणि मेळाव्यापर्यंत फोनही केला नाही.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी भावोजी माझ्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, कोपरहून एकटेच आलेले. म्हणाले, "चल. मना त्या गर्दीत एकट्याला जाववत नाय." नाही म्हणावंसं वाटत होतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून चप्पल घातली. मैदानात सगळीकडे निळे दिवे, रोबोचे पुतळे, सेल्फीसाठी कमानी, आणि गर्दी म्हणजे नुसती मुंग्यांसारखी. पमाच्या स्टॉलपुढे ही रांग! जिवंतपणी जिने पार्किंगमध्ये सहा जणांना शिकवलं, तिला भेटायला माणसं उन्हात उभी होती. आमच्या पुढच्या मुलीने विचारलं, क्वांटममध्ये करिअर कसं आहे? पडद्यावरची पमा म्हणाली, "अतिशय उज्ज्वल!" तिच्यानंतरच्याने विचारलं, शेअर घेऊ का? "योग्य मार्गदर्शनाखाली नक्की विचार करा!" प्रत्येक उत्तर पूर्ण, प्रत्येक उत्तर गोड. लोक माना डोलावत बाहेर पडत होते. दिनेशने काकांना पाहिलं आणि त्यांना हाताला धरून पुढे न्यायला आला, पण भावोजी रांग सोडून गेले नाहीत.

त्यांचा नंबर आला. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि माइक दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, काहीतरी क्वांटमचं विचारतील, इतकी वर्षं ऐकत होते. ते पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "जेवलीस का गो?"

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या घरात संध्याकाळचं जेवण भावोजी करायचे. ती कल्याणहून यायची, पेपर तपासत बसायची, पुढे पुस्तकांत बुडायची. तिला भूक लागलेलीही कळायची नाही. स्वयंपाक झाला की भावोजी स्वयंपाकघराच्या दारातून हे विचारायचे, रोज. आणि ती मान वर न करता सांगायची, "वाढ." त्यांच्या हातचं ताट समोर आल्याशिवाय ती जेवायची नाही, मग विचारण्यात काय अर्थ होता? पण ते विचारायचे.

पडद्यावरच्या पमाने डोळ्यांची उघडझाप केली. "क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा विचारा." मागे कुणीतरी खुदकन हसलं. भावोजींनी घसा साफ केला. मग तो म्हातारा माणूस, जो जन्मात माझ्याशीसुद्धा पुस्तकी बोलला नाही, तो आपल्या बायकोच्या चित्राशी एकेक शब्द जुळवत, शाळेतल्या मुलासारखं शुद्ध बोलला, "तुम्ही... जेवण... केलं का?" मला तिथे उभं राहवेना. पडद्यावरची पमा गोड हसली. "हो, मी जेवले. आपण विचारपूस केलीत, धन्यवाद सर! आपण जेवलात का?"

भावोजींनी माइक ठेवून दिला. मग माझ्याकडे वळले. "जेवली बोलते," ते म्हणाले. आणि मग, जरा मोठ्याने, दिनेशकडे बघून, "कोनी वाढला हिला?"

"काका, अहो ते मशीन आहे..."

"मना ठाव हाय काय हाय ते! कोनी वाढला सांग! ती खोटा बोलत नवती रं, दिन्या. येक दिस खोटा बोलली नाय. बंद कर."

दिनेशचा चेहरा पडला. "काका, प्लीज. साहेब येतायत आता, उद्घाटन व्हायचंय. उद्या करतो. शप्पथ, उद्या बंद करतो." भावोजींनी त्याचं ऐकलं नाही. ते खाली वाकले, स्टॉलच्या कापडाखाली हात घातला, वायरी चाचपल्या, बोर्ड शोधला आणि पिन उपसून काढली. पडदा काळा झाला. रांगेतून ओरडा उठला. "ओ काका, काय करताय? कधीपासून उभे आहोत आम्ही!" एका बाईंनी तर त्यांना पोलिसांची धमकी दिली. मी त्या बाईंना काय म्हणाले तेही इथे लिहिण्यासारखं नाही. भावोजींनी शर्टाला लागलेली धूळ झटकली, माझ्या हातातली त्यांची पिशवी मागून घेतली आणि गेटकडे चालायला लागले.

आम्ही गेटपाशी पोचलो न पोचलो तोच मागून कर्ण्यावर घोगरा आवाज आला, शेवटच्या अक्षरावर जोर देणारा. "नमस्कार. मी प्रमिला म्हात्रे. विचारा, काय विचारायचंय?" पोरांनी पिन परत लावली होती. भावोजींची पावलं थांबली नाहीत. "रिक्षा मिलते का बघ," ते म्हणाले. मी मात्र एकदा वळून पाहिलं. रांग आधीपेक्षा लांब झाली होती.